घडीची सोडचिठ्ठी

मासा करपला म्हणून इम्मेर तणतणत हग्गाय लेखनिकाकडे आला. "सोडचिठ्ठी लिही! आत्ताच्या आत्ता!"

इम्मेर यहुदी याजकांच्या वंशातला. मंदिर पडून पिढ्या लोटल्या, पण ताठा गेला नव्हता. याजकाला टाकलेली बायको पुन्हा कधीच करता येत नाही. म्हणून या तापट लोकांची चिठ्ठी मुद्दाम वेळखाऊ असे. एक ओळ लिहायची, घडी घालून टाका मारायचा, मागे साक्षीदाराची सही, मग पुढची ओळ.

तिसऱ्या टाक्याला चिठ्ठी पुरी झाली, तोवर इम्मेरचा राग उतरला.

"जा, चुलीत घाल ती," हग्गाय म्हणाला.

पण बायकोला रडवल्याशिवाय इम्मेरला चैन पडेना. साक्षीदारांपैकी दोघे गंमत बघायला त्याच्या मागोमाग घरी आले. शेलोमित दळत बसली होती.

"घे सोडचिठ्ठी! चालती हो!" त्याने चिठ्ठी तिच्या तळहातावर ठेवली. गेल्या वर्षी डाळ खारट झाली तेव्हा हाच तळहात त्याने तव्यावर दाबला होता.

शेलोमितने मूठ मिटली. "ऐकलंत ना दोघांनी?"

साक्षीदारांनी माना डोलावल्या. दोघांदेखत चिठ्ठी बायकोच्या हाती पडली की काडीमोड पक्का.

"अगं, गंमत केली! आण ती इकडे." इम्मेरच्या तोंडचं पाणी पळालं.

"साधा कोळी असतास, तर उद्या पुन्हा लग्न लावता आलं असतं. पण तुझं कूळ पडलं मोठं!" पीठ झटकत ती उठली. उंबऱ्यात वळून म्हणाली, "आणि मासा चुकून नव्हता करपला."