ऑर्डिथच्या दारातली बंडी

मित्रांनो, मी चामड्याची एक जुनी बंडी आहे. तुम्ही मला पाहिलेत तर आधी हसाल, कारण मी खुंटीवर उलटी टांगलेली आहे. शिवणीच्या गाठी बाहेर आणि चामड्याची तकतकी आत. कोणीतरी घाईत काढून अडकवली असेल, असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. मला उलटी ठेवणारा माणूस मोठ्या शिस्तीचा आहे. तो मला असे का ठेवतो, तेच आज सांगायला बसले आहे.

माझा जन्म वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या टॅलो क्रीक या कोळशाच्या गावातला. तिथे घोड्यांची खोगिरे शिवणारा एक म्हातारा होता. एका खोगिराचे जाड चामडे उरले होते, त्यातून त्याने मला कापले. मला बाह्या नाहीत, अस्तर नाही. पहिले वर्षभर मी इतकी ताठ होते की टेबलावर ठेवली तर नुसती उभी राहत असे.

मला घेतले व्हर्लिनने. तो खाणीत काम करी. पाळी संपली की चेहऱ्याचा कोळसा धुऊन मोटारसायकल काढी. खाणीतल्या गड्यांनी मिळून एक क्लब काढला होता. खाणकामगाराचा कंदील हे त्याचे चिन्ह. क्लबने व्हर्लिनला आपला मानले, त्या दिवशी त्याला तो कापडी बिल्ला मिळाला, ताटाएवढा मोठा, पिवळ्या ज्योतीचा. तो माझ्या पाठीवर शिवला त्याच्या बायकोने. तिचे नाव नेव्हा. नुकतेच लग्न झाले होते त्यांचे.

तिने मला त्याच्या अंगात घालायला लावले आणि खडूने खुणा करू लागली.

"सरळ बस ना जरा. बिल्ला वाकडा बसला तर जन्मभर वाकडा कंदील घेऊन फिरशील."

"फिरेन की. तुझ्याशी लग्न केलं तेव्हाच पाऊल वाकडं पडलं."

"सुई माझ्या हातात आहे, व्हर्लिन. जपून बोल."

मेण लावलेला दोरा आणि खोगिराची जाड सुई घेऊन ती दुपारभर शिवत होती. चामडे दाद देत नव्हते. सुई दोनदा तिच्या अंगठ्यात घुसली. शेवटच्या टाक्यापाशी आतल्या बाजूने तिने एक गाठ मारली, फुलीसारखी. ती गाठ कोणाला दिसणार नव्हती, तरी तिने ती नीट मारली.

क्लबचे नियम कडक होते. बिल्ल्याची बंडी जमिनीला लागू द्यायची नाही. बाहेरच्या माणसाने सांगितले म्हणून अंगातून उतरवायची नाही. आणि चारचाकी गाडीत बसायचे झाले तर ती उलटी करायची, कारण कंदील मिरवायचा तो फक्त दोन चाकांवरून. व्हर्लिनने हे नियम देवाच्या आज्ञेसारखे पाळले.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस! नेव्हा त्याच्या मागे बसे आणि माझ्या बिल्ल्यावर गाल टेकवी. डोंगर, नदी, पानगळीतली लाल-पिवळी झाडे, सारे जग तिने तसे पाहिले. तिच्या गालाच्या उबेनेच मी मऊ झाले, असे मला अजूनही वाटते. एका वर्षी पुराने रस्ता तुटला, तेव्हा आमच्या क्लबने पलीकडच्या म्हाताऱ्यांना औषधे नेऊन दिली. लोक कंदील पाहून हात हलवत. अर्थात आम्ही काही संत नव्हतो. बिअर होती, भांडणे होती, माझ्या खिशाजवळ एक डाग आहे तो टोमॅटोचा नव्हे.

दर रविवारी सकाळी आम्ही ऑर्डिथच्या खानावळीत जात असू. ऑर्डिथ ही नेव्हाची शाळेपासूनची मैत्रीण. खिडकीजवळचे टेबल त्यांचेच. बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या, काळसर धिरड्यांवर मेपलचा पाक, मागाहून रुबार्बच्या आंबट देठांचे गोड सारण भरून भट्टीत भाजलेला 'पाय'. व्हर्लिन आत शिरला की ऑर्डिथ ओरडे, "आला बघा कंदील! दिवसाढवळ्या लावून फिरतोय मेला. धिरडी टाका गं!"

मग ते झाले. शेजारच्या परगण्यातल्या एका खानावळीत दोन परक्या क्लबांची मारामारी झाली. बिल्ल्यावरूनच. कोणीतरी गोळी झाडली. ती लागली कॉफीची किटली घेऊन चाललेल्या वॅनिटाला. वॅनिटा ही ऑर्डिथची धाकटी बहीण. ती वाचली, पण तिचा उजवा हात पुन्हा वर गेला नाही. ऑर्डिथने तिला आपल्याकडे आणून गल्ल्यावर बसवले. बिल्ल्याची बंडी दारात दिसली की तिच्या डाव्या हातातली नाणीसुद्धा वाजू लागत. एके दिवशी दाराच्या काचेवर पाटी चिकटली : कोणत्याही मोटारसायकल क्लबचा बिल्ला घालून आत येऊ नये.

व्हर्लिन पाटीसमोर थांबला. ऑर्डिथ दारात आली.

"माझ्या कंदिलाने कुणाला मारलं, ऑर्डिथ?"

"नाही मारलं. माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय करू, सांग ना! दारात उभी राहून एकेकाची पाठ तपासू? हा चांगला बिल्ला, हा वाईट बिल्ला? वॅनिटाला कसा कळणार त्यातला फरक? काढून ये ना आत. तू तोच आहेस की."

व्हर्लिनने बंडी काढली नाही. तो वळला आणि नेव्हाही त्याच्यामागे निघाली.

क्लबचा म्होरक्या डेल्मर तावातावाने वकिलाकडे जाऊन आला. परत आला तो पडेल चेहऱ्यानेच.

"वकील म्हणतो, धर्मावरून, वंशावरून कुणाला दारातून परत पाठवता येत नाही. पण बंडीवरून येतं. दुकान तिचं, दार तिचं. पायात बूट नसले तर हाकलतात ना, तसंच हे."

"बूट मी उद्या दुसरे घालीन," व्हर्लिन म्हणाला. "ही दुसरी कुठून आणू?"

त्यानंतर वर्षानुवर्षे सगळे रविवार घरातच गेले. नेव्हा स्वतःच धिरडी करी. "ऑर्डिथसारखी होत नाहीत रे," ती म्हणे. तो म्हणे, "छान झालीत." दोघेही खरे बोलत होते.

आणि मग हळूहळू नेव्हा विसरू लागली. आधी किल्ल्या, मग गॅसवरची किटली, मग शेजाऱ्यांची नावे. एका सकाळी स्वयंपाकघरात व्हर्लिनला पाहून ती किंचाळली. घरात परका पुरुष शिरला, असे तिला वाटले. तो समजावत राहिला, ती भिंतीला चिकटून थरथरत राहिली. शेवटी हरून तो बाहेर निघाला आणि खुंटीवरून मला काढून त्याने अंगात घातले. त्याची पाठ वळताच मागून आवाज आला.

"आलास का रे? केव्हाची वाट बघतेय!"

मित्रांनो, तिला त्याचा चेहरा आठवत नव्हता, पण माझ्या पाठीवरचा कंदील आठवत होता. त्या दिवसापासून व्हर्लिन घरात सतत मला घालून वावरू लागला. बायकोशी बोलायचे तर तिच्याकडे पाठ करून बोलू लागला. ती माझ्या बिल्ल्यावर हात फिरवी आणि तो भिंतीकडे पाहत तिला दिवसभराच्या गोष्टी सांगे. त्याचे डोळे मी कधी पाहिले नाहीत. पण त्याची पाठ हुंदका कशी गिळते, ते माझ्याइतके कोणाला ठाऊक?

पुढे नेव्हाने जेवण सोडले. घास तोंडाशी नेला की मान फिरवी. एकच गोष्ट मागे. "ऑर्डिथकडे जाऊ. खिडकीपाशी." तिचे मनगट काटकीसारखे झाले, तेव्हा व्हर्लिनने तिला मोटारसायकलवर बसवले, आपल्या पट्ट्याने तिला स्वतःशी बांधले आणि अगदी सावकाश गाडी चालवत खानावळीपाशी आणली. पाटी तिथेच होती. गल्ल्यामागे वॅनिटाही होती.

ऑर्डिथ धावत बाहेर आली. "अगं बाई, नेव्हा! काय झालं हिचं, व्हर्लिन?"

"ती खात नाही. तुझ्याकडे खाईल. पण मला बंडीत राहू दे, ऑर्डिथ. त्याशिवाय ती मला ओळखत नाही."

ऑर्डिथने मागे वळून पाहिले. वॅनिटाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी तुझ्या पाया पडते," ऑर्डिथ म्हणाली, "पण तिला नाही सोसत रे ते."

मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, व्हर्लिनने दुसऱ्याच्या सांगण्यावरून मला उतरवले. मला मोटारसायकलच्या हँडलवर टांगले, कंदील खिडकीकडे करून.

काचेतून मला सगळे दिसत होते. तिच्या पुढ्यात वाफाळती धिरडी आली. व्हर्लिन शेजारी बसून घास पुढे करत होता. नेव्हा त्याच्याकडे बघतही नव्हती. ती खिडकीतून माझ्याकडे बघून हात हलवत होती. कोणी आत जाताना दार उघडले तेव्हा तिचे शब्द माझ्यापर्यंत आले : "तो बाहेर उभा आहे ना! तो आल्याशिवाय मी कशी खाऊ?" ताट तसेच परत गेले.

परतीच्या वाटेवर ती पट्ट्यातून एकदा घसरली, म्हणून व्हर्लिनने मोटारसायकल विकून एक जुनी चारचाकी घेतली. पुढच्या रविवारी तो मला घालून त्या गाडीत बसला आणि सवयीने त्याने मला उलटी केली. चारचाकीत कंदील मिरवायचा नाही, तो जुना नियम! नेव्हाला उतरवताना, सावरताना, मला पुन्हा सुलटी करायचे त्याच्या ध्यानातच राहिले नाही. तसाच तो खानावळीच्या दारात पोहोचला. ऑर्डिथने पाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे. बिल्ला दिसत नव्हता. वॅनिटाच्या हातातली नाणी वाजत नव्हती. ऑर्डिथ बाजूला झाली.

इतक्या वर्षांनी मी खिडकीजवळच्या त्या टेबलापाशी आले. नेव्हा त्याच्या शेजारी बसली, परक्याच्या शेजारी बसावी तशी अंग चोरून. थोड्या वेळाने तिचे बोट माझ्या पाठीवरच्या गाठींवर फिरू लागले.

"चांगलं शिवलंय हो. कुणी शिवलं?"

"माझ्या बायकोनं."

"जाड चामड्यात एवढे बारीक टाके! हात दुखले असतील तिचे. जीव आहे तिचा तुमच्यावर." तिचे बोट फुलीच्या गाठीवर थांबले. "कुठे आहेत त्या? आल्या नाहीत?"

"येईल," व्हर्लिन म्हणाला. "तुम्ही खा ना तोवर. गार होतंय."

तिने एक घास खाल्ला. मग दुसरा. ऑर्डिथ किटली हातात धरून तिथेच उभी होती. नेव्हाने मान वर करून तिला अगदी सहज सांगितले, "माझा नवराही अशीच बंडी घालतो. बाहेर थांबलाय बिचारा. त्याला इथे आत येऊ देत नाहीत."

ऑर्डिथच्या हातातली किटली टेबलावर टेकली ती आवाज होऊनच. वॅनिटा गल्ल्यामागून उठली. दाराशी गेली आणि एकाच हाताच्या नखांनी पाटीच्या कडा खरवडू लागली. चिकटपट्टी जुनी होती, निघेना. ऑर्डिथ मदतीला सरसावली, तर तिने खांद्यानेच तिला दूर केले. पाटी तुकड्या-तुकड्यांनी निघाली.

"पुढच्या रविवारी सुलटी घालून ये," वॅनिटा व्हर्लिनला म्हणाली. "मी डोळे मिटून बसेन हवं तर. पण तिला दिसू दे."

व्हर्लिनने त्या आठवड्यात माझा कंदील ओल्या फडक्याने हळुवार पुसला. पण नेव्हा रविवारपर्यंत राहिली नाही.

तिला पोचवून आल्यावर, पुढच्याच रविवारी, तो एकटा खानावळीत गेला. मी त्याच्या अंगात उलटीच होते.

वॅनिटा म्हणाली, "पाटी काढलीय, व्हर्लिन."

"बघितलं."

"मग सुलटी कर ना ती."

"कुणाला दाखवू आता?" तो म्हणाला आणि खिडकीजवळ जाऊन बसला.

डेल्मर अजूनही त्याच्यावर चिडतो. "क्लबची अब्रू घालवलीस गड्या. लोक वेडा म्हणतात तुला." पण व्हर्लिनला जे ठाऊक आहे, ते मलाही ठाऊक आहे. उलटी घातली की माझा कंदील आत जातो आणि त्याच्या पाठीला टेकतो, बरोबर तिथे, जिथे तिचा गाल असायचा.

मित्रांनो, त्या दारात चूक कोणाची होती, ते मी म्हातारी बंडी काय सांगणार? वॅनिटाचा हातही खरा होता आणि नेव्हाची वाट पाहणेही खरेच होते. पण तुमच्या दारात कोणी अंगावर काही घालून उभे राहिले आणि ते पाहून तुम्हाला भीती वाटली, तर दार लावण्याआधी एवढेच विचारा, "हे कुणी शिवलं?" आणि विचारायचे असेल तर लवकर विचारा. आमच्या ऑर्डिथने एक रविवार उशीर केला. आता दर रविवारी ती त्या टेबलावर धिरड्यांची दोन ताटे ठेवते. व्हर्लिन एक संपवतो. दुसरे गार होईपर्यंत आम्ही दोघे खिडकीतून बाहेर बघत बसतो.