ज्याची कहाणी, त्याची परवानगी

विद्यार्थी आघाडीचं कुठलंही निवेदन तिच्याच हातून उतरायचं, म्हणून सगळे तिला मसुदा म्हणत. आघाडीची तत्त्वंही तिनेच लिहिली होती. त्यातल्या एका तत्त्वावरून ती अध्यक्षाशी हमरीतुमरीवर आली होती: ज्याची कहाणी, त्याची परवानगी. कुणाचंही दुःख त्याला विचारल्याशिवाय सरकारपुढे मांडायचं नाही. अध्यक्षाला सगळे भोंगा म्हणत, आणि ते उगाच नव्हतं. त्याने शेवटी हात टेकले आणि खाली सही ठोकली.

आज मागणी एकच होती, सुट्टीतही वसतिगृहं उघडी ठेवा. समोर उपमंत्री बसले होते आणि कोपऱ्यात वही घेऊन दादा. तिचा सख्खा भाऊ या कार्यालयात लघुलेखक होता, पण नेमका याच बैठकीला येईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. दोघांनी ओळख दाखवली नाही. दादाने फक्त एकदा भुवई उडवली. छान बोल शहाणे, असा त्याचा अर्थ.

उपमंत्र्यांनी तिची सगळी आकडेवारी ऐकली, जांभई गिळली आणि "बघू" म्हणून खुर्ची मागे सरकवली. 'बघू' म्हणजे काय ते शेंबडं पोरही सांगेल.

तेवढ्यात भोंगा वाजला. "साहेब, आमची एक मुलगी अख्खी सुट्टी कॉलेजच्या बाथरूममध्ये राहिली! आतून कडी लावून झोपायची. कॅन्टीनमधलं उरलंसुरलं खायची. घरी थाप मारली होती, मैत्रिणीकडे आहे म्हणून!"

मसुद्याने झटकन भोंग्याकडे पाहिलं. हे तिने भोंग्याला एकट्याला सांगितलं होतं, रडत रडत. आता तिला राग यायला हवा होता, पण रागही सुचेना. तिची नजर दादाच्या हाताकडे गेली. तो भराभर उतरवून घेत होता. लिहिता लिहिता त्याने 'च् च्' केलं, परक्याच्या पोरीसाठी करतात तसं.

"अशा कहाण्या सगळेच रचून आणतात," उपमंत्री म्हणाले. "मुलगी दाखवा, आदेश काढतो."

भोंगा चाचरला. "ते... आमच्या तत्त्वात बसत नाही साहेब. तिची परवानगी लागते."

काय पण मुहूर्त शोधला मेल्याने तत्त्व आठवायला!

उपमंत्री हसत उठले. दादाने वही मिटली. ती गप्प बसली असती तर दादाला कधीच काही कळलं नसतं. आणि पुढच्या सुट्टीत दुसरी कुणीतरी तीच कडी लावून झोपली असती.

"ती मुलगी मी आहे," ती म्हणाली. "माझी परवानगी आहे."

उपमंत्री पुन्हा बसले. "नोंद घ्या," ते हळूच म्हणाले.

दादाने वही उघडली, पेन टेकवलं, पण ते हलेना. बैठकीत लघुलेखकाने तोंड उघडायचं नसतं.

"घराची किल्ली दिली होती ना तुला?" तो म्हणाला.

"दिली होतीस. पण एक खोली, त्यात वहिनी आणि बाळ. मी आले की तू जिन्यात जाऊन झोपायचास दादा. मी पाहिलंय."

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. भर बैठकीत, उपमंत्र्यांसमोर, दादाच्या साहेबांसमोर! ही कहाणी तर दादाची होती. त्याला विचारलं कुठे होतं तिने?

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान खाली घातली आणि तेही लिहून घेतलं.