टाकीच्या तोंडाशी

जेवणाच्या सुट्टीत धीरज सिनेमातला नायक होत असे. बोईसरच्या एका रसायन कारखान्यात, पिंपांच्या आडोशाला, मोबाइलवर पाहिलेले प्रसंग तो वठवून दाखवी: काच फोडून आत झेप, मग धुरातून संथपणे बाहेर, खांद्यावर वाचवलेला माणूस. त्याच्या गावची, बेटेगावची, सोबत कामाला येणारी पोरं टाळ्या पिटत. खलनायकासाठी नट शोधावा लागत नसे. सुरक्षा पाहणारे खंडेराव समोरून गेले की पुरे. लातूरकडचा अबोल माणूस. कमरेला सुरक्षा पट्टा नसेल तर परत पाठवणारा, परवान्यावर सही नसेल तर काम थांबवणारा.

त्या मंगळवारी धीरजच्या बहिणीचा नवरा कमलेश रिकाम्या टाकीचा तळ खरवडायला उतरला होता. बारा फूट खाली. वर, माणूस जेमतेम मावेल अशा तोंडाशी खंडेराव बसले होते आणि दर दोन मिनिटांनी हाक घालत होते. मी काय पळून जातोय का, असं कमलेशने एकदा वैतागून विचारलंही.

पुढच्या हाकेला ओ आली नाही.

खंडेरावांची शिट्टी ऐकून धीरज शेजारच्या शेडमधून धावत आला, खाली डोकावला. कमलेश भिंतीला टेकून झोपल्यासारखा बसला होता. धूर नव्हता, वास नव्हता. कुठल्याशा नळीतून नायट्रोजन झिरपला होता आणि त्याने हवेची जागा घेतली होती. ज्याच्यावर तुटून पडावं असा चेहरा त्या टाकीत कुणाचाच नव्हता.

धीरजने एक पाय आत टाकला. खंडेरावांनी त्याच्या कमरेला मिठी घातली.

"सोड मला. माझे भावोजी हायेत आत."

"आत जायचं नाही."

"मरतील ते. तू माणूस हायस का कोण?"

धीरजचं कोपर त्यांच्या तोंडावर बसलं. ओठ फाटला, मिठी सुटली नाही.

"दोन श्वासांत तूही त्याच्याशेजारी पडशील," खंडेराव म्हणाले. "त्याच्या पट्ट्याला दोर आहे, तुझ्या नाही. मग तुला कशानं ओढू? हँडल धर."

टाकीच्या तोंडावर उभ्या केलेल्या लोखंडी तिपाईला दोर गुंडाळणारी चरखी होती. एका फेऱ्याला दोर तीन बोटं वर येई. धीरज घाईने फिरवू लागला तेव्हा खंडेरावांनी त्याच्या मनगटावर हात ठेवून वेग उतरवला. घाई केली तर खांदा काठाला अडकेल, असं ते म्हणाले आणि फेरे मोजू लागले. पंधरा. सोळा. दुपार तशीच उभी होती, लख्ख आणि उदासीन. कुणी ओरडत नव्हतं. त्रेपन्नाव्या फेऱ्याला कमलेशचे केस उजेडात आले. बाहेर काढून आडवं केल्यावर, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढल्यावर, कितीतरी वेळाने तो खोकला.

इस्पितळात संध्याकाळी तो डोळे उघडून, पंखा आवाज करतो अशी तक्रार करत होता. त्याची बायको तेजल भावाला बाहेर घेऊन आली. तूच उतरलास ना आत, तिने विचारलं. गावात तसंच पसरलं होतं.

"नाय ताई. मी हँडल फिरवलं."

"आणि मग?"

"मग कायच नाय. फिरवतच राहिलो. उतरणार होतो, यांनी धरून ठेवलं."

बाकावर खंडेराव ओठावर कापूस दाबून बसले होते. तेजल त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तुमाला काय लागलं, साहेब?"

काही नाही, असं खंडेराव म्हणणार होते.

"मी मारलं," धीरज म्हणाला.

तेजलने भावाकडे एकवार नीट पाहिलं.

"मग उभा काय राहिलास? यांच्यासाठी चहा आण. आणि गरम नको, निववून आण. ओठ फाटलाय त्यांचा."