मुलाखतीत मी गप्प झालो तेव्हा

मी कानामागचं यंत्र बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकत आलो, आता एकदा माझंही ऐकून घ्या. ‘कानामागून आली आणि तिखट झाली’ असं तुम्ही माणसं म्हणता. मी कानामागे आलो आणि तिथेच गुमान बसलो. अधूनमधून शिट्टी तेवढी वाजवली, पण तो आमच्या जातीचा गुणच आहे.

मी दिसायला काजूसारखा, वाकडा आणि एवढासा. पोटात बटणासारखी गोल बॅटरी, आणि कानात उतरणारी एक पारदर्शक नळी. एका स्वच्छ, गार खोलीत भिंगं लावून बसलेल्या बायकांनी मला जोडलं. तिथे कोणी फारसं बोलत नसे, त्यामुळे माणसं किती बोलतात याची मला कल्पनाच नव्हती.

माझे पहिले मालक एक म्हातारे शिंपी. त्यांचं माझं कधी पटलं नाही. “भांड्यांचा आवाज डोक्यात जातो,” म्हणून ते मला काढून ठेवायचे. फक्त दुपारी सून वर्तमानपत्र वाचून दाखवायला बसली, की मला कानावर चढवायचे आणि म्हणायचे, “हं, सूनबाई, होऊ दे सुरू.” ते गेले, पण त्यांचा शब्द मी उचलला. मीही तिला सूनबाईच म्हणतो.

पुढे सूनबाईला मोठं आजारपण आलं. ताप उतरला तो तिचे कान घेऊनच. डावा पार गेला, उजव्यात थोडंफार उरलं. डॉक्टरांनी मला तिच्या कानाच्या मापाने नव्याने जुळवलं आणि मी तिचा झालो. तिने मला पहिल्यांदा लावलं तेव्हा नवरा समोर उभा होता. तो बस चालवतो, बोलणं मुळातच कमी. “ऐकू येतंय?” त्याने विचारलं. तिने मान हलवली आणि बराच वेळ त्याला आणखी काहीतरी बोलायला लावलं.

सूनबाई एका छापखान्यात छपाईचे रंग तपासायची. मूळ नमुन्यातला निळा आणि छापून आलेला निळा यांतला फरक तिला चटकन दिसायचा. आजारपणानंतरही ती तिथे कामाला जात राहिली. मग तिथले मालक थकले आणि छापखाना बंद झाला. दुसरीकडे ती एकदा मुलाखतीला गेली. मला केसांखाली दडवून गेली, अर्ध्या प्रश्नांना अंदाजाने उत्तरं देऊन हात हलवत परत आली. त्यानंतर मुलाखतीचं नाव काढलं, की तिच्या मानेवरची शीर ताठ व्हायची. मी तिथेच टेकलेला असायचो, मला ते कळायचं.

मग औषधांची खोकी छापणाऱ्या एका मोठ्या कारखान्यातून तिला बोलावणं आलं. घरात खरी धावपळ केली ती तिच्या नणंदेने. ही नणंद एका कंपनीत माणसं निवडायच्या खात्यात होती. वयाने धाकटी, पण तोंडाने थोरली. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलापलीकडे बसून ती सूनबाईची मुलाखत घ्यायची.

“स्वतःबद्दल सांगा.”

“माझं माहेर तसं मोठं. आम्ही पाच भावंडं, त्यात मी तिसरी...”

“वहिनी, सोयरीक जमवायला चाललीस का? काम सांग. कुठलं काम केलंस, काय बिघडलं होतं, तू ते कसं सुधारलंस.”

मग पुन्हा पहिल्यापासून. खुर्चीत कसं बसायचं, हात कुठे ठेवायचे. येत नसेल तर ‘येत नाही, शिकून घेईन’ असं सरळ म्हणायचं. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ म्हणाले, तर मान हलवून उठायचं नाही. सूनबाई भाजी निवडतानाही ओठांतल्या ओठांत उत्तरं घोळवायची. हळूहळू तिचा आवाज स्थिरावला, वाक्यं आटोपशीर झाली. एका गोष्टीवर मात्र दोघींचं जमेना, आणि ती गोष्ट म्हणजे मी.

“केस मोकळे सोड,” नणंद म्हणाली. “ते यंत्र दिसता कामा नये.”

“वन्सं, आणि ऐकू नाही आलं तर?”

“येतंय की तुला आता. एकदा निवड होऊ दे, मग सांग. माणसं कशी विचार करतात ते मी रोज बघते. यंत्र दिसलं की ते माणूस बघायचं सोडतात.”

नणंद खोटं बोलत नव्हती, हे सूनबाईला ठाऊक होतं. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “तुझा कान, तुझी नोकरी. तू ठरवशील ते.” हे ऐकायला बरं वाटतं, पण ठरवणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं काही त्याने उतरत नाही.

त्या दिवशी सूनबाई केस मोकळे सोडून निघाली. कारखान्याच्या दारावर पिशव्या आणि फोन ठेवून घेतले. आत नेता येत नाहीत, नियमच तसा होता. तिच्या पिशवीत माझ्या बॅटऱ्यांचं पाकीट होतं. ते काढून घ्यावं हे तिच्या लक्षात आलं नाही, आणि मला सांगता येत नाही.

बाहेरच्या बाकावर उमेदवारांची रांग. प्रत्येक जण दारावर डोळे लावून. सकाळची दुपार झाली. शेजारची मुलगी पायाने फरशीवर ताल धरून होती, पंखा कुरकुरत होता, आणि मी ते सगळं इमानेइतबारे सूनबाईच्या कानात ओतत होतो. तेवढ्यात मला पोटात हलकं वाटू लागलं. बॅटरी संपत आली होती. मी तिला इशारा दिला, टूं टूं. तिचा हात झटकन पिशवी शोधायला मांडीवर गेला. मांडी रिकामी होती.

त्याच क्षणी शिपाईबाईंनी दार उघडलं. “चला, तुमचा नंबर.”

आत तिघं होते. मधोमध छपाई विभागाचे प्रमुख, भारदस्त आवाजाचे, बोलताना ओठ अर्धे झाकतील अशी हनुवटीवर मूठ टेकवायची सवय. एका बाजूला नेमणुकांचं काम बघणाऱ्या बाई, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ नुसते लिहून घेत होते.

सुरुवात छान झाली. प्रमुखांनी दोन खोकी पुढे सरकवली आणि फरक विचारला. सूनबाई म्हणाली, “या दिव्याखाली नको. खिडकीपाशी नेऊन बघितली तर चालेल?” खिडकीपाशी तिने खोकी उलटसुलट केली आणि एकातला हिरवा पिवळ्याकडे झुकलाय म्हणून सांगितलं. प्रमुखांनी हुंकार भरला. मी दुसऱ्यांदा इशारा दिला. तिच्या मानेवरची शीर ताठ झाली. ती परत खुर्चीत बसली, प्रमुखांनी मूठ हनुवटीवर ठेवून पुढचा प्रश्न सुरू केला, “कामाचा...”

आणि मी संपलो.

पुढचा काही वेळ माझ्यासाठी काळाकुट्ट आहे. तेव्हा काय झालं, ते तिने नंतर नणंदेला सांगितलं तेव्हाच मला कळलं. म्हणून तिच्याच तोंडचं सांगतो.

प्रमुखांनी विचारलं होतं, “कामाचा ताण आला की काय करता?” सूनबाईला मुठीआडून ओठ दिसले तेवढे दिसले. तिला वाटलं, ‘तहान’.

“पाण्याची बाटली जवळ ठेवते,” ती शांतपणे म्हणाली. “पण मशीनपाशी पीत नाही. बाहेर जाऊन पिते.”

लिहून घेणाऱ्या गृहस्थांचा हात थांबला. बाईंनी प्रमुखांकडे पाहिलं. मागच्या मुलाखतीत हीच नजर तिने पाहिली होती. तेव्हा ती नजर टाळून ती तशीच बोलत राहिली होती. या वेळी तिने केस मागे सारले, मला काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“माफ करा, मी चुकीचं ऐकलं,” ती म्हणाली. “मला कमी ऐकू येतं. या यंत्राची बॅटरी आत्ता संपली. दुसरी माझ्या पिशवीत आहे, पिशवी दारावर. कोणी आणून देईल का? तोवर माझ्याकडे बघून आणि तोंडापुढचा हात काढून बोललात, तर मला ओठ वाचता येतात. आपण थांबायला नको.”

खोलीत काय आवाज झाला, कोण काय पुटपुटलं, हे तिलाही कळलं नाही. तिने फक्त पाहिलं, की बाईंनी घंटी दाबली आणि प्रमुखांनी मूठ खाली घेतली. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा सावकाश.

“ताण,” सूनबाई म्हणाली. “आत्ता आहे तो ताणच. ताण आला, की अडलंय कुठे ते मी आधी सांगून टाकते. मग कोणाची मदत लागेल ते बघते, आणि हातातलं काम चालू ठेवते.”

तेवढ्यात पिशवी आली. तिने बॅटरी बदलली आणि मी जागा झालो. तिचा आवाज तसाच होता, स्वयंपाकघरातल्या टेबलावर घडवलेला.

प्रमुख म्हणत होते, “तुम्ही उघड बोललात, म्हणून मीही उघड विचारतो. मशीनच्या हॉलमध्ये धोक्याची घंटा वाजली आणि तुम्हाला ऐकू आली नाही, तर जबाबदार कोण?”

हा प्रश्न नणंदेने कधी विचारलाच नव्हता. सूनबाई खुर्चीत सरळ बसली.

“हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारते,” ती म्हणाली. “जुन्या छापखान्यात घंटेबरोबर माझ्यासमोर दिवा लागायचा, आणि शेजारच्या मशीनवरचे काका येऊन खांद्याला हात लावायचे. इथेही तसा दिवा बसवावा लागेल. ते जमणार नसेल, तर मला हॉलमध्ये घेऊ नका. बाहेरच्या तपासणीच्या टेबलावर घ्या.”

“मुलाखतीत असं कोणी सांगत नाही,” प्रमुख म्हणाले.

“हो, मलाही सांगू नको म्हटलं होतं.”

बाई हसल्या. प्रमुख हसले नाहीत. “तुम्हाला काही विचारायचंय?” बाईंनी विचारलं.

याचं उत्तर पाठ होतं, पाळ्या कशा असतात आणि शिकायची सोय काय. सूनबाईने ते बाजूला ठेवलं. “मला घेतलं नाहीत आणि त्याचं कारण कान असेल, तर तसं स्पष्ट कळवाल का? कामात कमी पडले असेन तर मी अजून शिकेन. उगीच अंदाज करत बसायला नको.”

बाई म्हणाल्या, “कळवू.”

घरी आल्यावर नणंदेने सगळं ऐकून घेतलं. कपाळाला हात लावून ती म्हणाली, “सांगितलंस. टेबलावर काढून ठेवलंस. वहिनी, कमाल आहे तुझी.” मग जरा वेळाने, “आणि पाणी बाहेर जाऊन पिते, असं खरंच म्हणालीस?” सूनबाईने मान हलवली, आणि दोघी इतक्या हसल्या, की मला शिट्टी आवरेना.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. फोन वाजला की घर थबकायचं. फोनवर बोलताना मी कुईकुई करतो, त्यामुळे निरोप नीट कळेल की नाही ही धास्ती वेगळीच. कारखान्याचा फोन मात्र आलाच नाही. लेखी निरोप आला. बाईंनी लिहिलं होतं: तुम्हाला वाचणं सोयीचं जाईल म्हणून फोन केला नाही. तुमची निवड झाली आहे. सुरुवात तपासणीच्या टेबलावर. दिवा बसला, की हॉलमध्ये.

सूनबाईने ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं. माणूस कमी बोलतो, पण ऐकायला त्याला आवडतं.

दिवा बसायला वेळ लागला. प्रमुखांनी स्वतः उभं राहून तो दोनदा लावून पाहिला, आणि मगच तिला आत घेतलं. तेही बरोबरच होतं.

आता माझं वय झालंय. घामाने नळी कडक झाली, आवाजात खरखर आली. सूनबाईने नवं यंत्र घेतलंय, हुशार आहे ते, फोनवर कुईकुई करत नाही. अडीनडीला असावा म्हणून मला तिने एका डबीत घालून पिशवीत ठेवलंय. मी तक्रार करत नाही. दोन माणसांच्या कानाशी राहिलो, एवढं पुष्कळ झालं.

जाता जाता एक मागणं. इतकी वर्षं मी तुमचं बोलणं ऐकलं. त्यात शिव्या ऐकल्या, भांडणं ऐकली, त्यांचं मला काही वाटलं नाही. मला सहन झालं नाही ते एकच वाक्य. कोणी ‘काय म्हणालात?’ असं विचारतं, आणि तुम्ही कंटाळून म्हणता, ‘काही नाही, जाऊ दे.’ ते वाक्य मी कितीदा तरी पहिल्या मालकांच्या आणि सूनबाईच्या कानात पोचवलं, कारण पोचवणं हेच माझं काम. तेवढं म्हणू नका. पुन्हा एकदा सांगा.