टोपणाखालचं बेलाचं पान

मी मोटारीचं हँडल बोलतोय. दोन ठिकाणी वाकवलेली लोखंडी सळई, एवढंच माझं रूप; मोटारीच्या तोंडात खुपसून मला गरगर फिरवलं की इंजिन सुरू व्हायचं. सोलापुरात मंगळवार पेठेतल्या एका भुसार दुकानाच्या मागच्या खोलीत मी खुंटीला टांगलेला आहे. मला फिरवायला आता मोटार नाही. पण माझ्याकडे एका माणसाचं खरं राहून गेलंय, आणि ते सांगायला तोंड नव्हतं म्हणून इतकी वर्षं गप्प होतो.

जन्म कुठल्या देशात झाला ते मला माहीत नाही. आठवतं ते एवढंच, की एकोणीसशे अठ्ठावीस साली मी मोटारीबरोबर आगगाडीने सोलापूर स्टेशनात उतरलो. या दुकानाचे मालक सिद्धलिंगप्पा यांनी ही मोटार सोलापूर ते अक्कलकोट उतारू नेण्यासाठी घेतली होती. बटण दाबलं की सुरू व्हायची, त्यामुळे पहिलं वर्ष मी सीटखाली पडून काढलं. मग ते बटण बिघडलं आणि माझी पाळी आली.

मला फिरवणारा हात धुळाप्पाचा. नातेपुत्याकडचा धनगर. घरची मेंढरं भावाला देऊन मोटार शिकलेला. सुरुवातीला एकदा ठिणगी उशिरा पाडणारी दांडी मागे घ्यायला तो विसरला, इंजिनाने उलटा झटका दिला आणि मी त्याचं मनगट मोडलं. हात बांधून तो महिनाभर ओट्यावर बसला होता. कोणीतरी म्हणालं, "हँडलच खोटं दिसतंय." त्यावर तो म्हणाला, "त्येचा काय दोस? चूक माजी व्हती की." हाड जरा वाकडं जुळलं. तेव्हापासून मला धरताना तो अंगठा पलीकडून न घेता बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे झटका बसला तरी हात सुटावा.

त्याची बायको गोजाबाई तापाने गेली, त्यानंतर तो कोणाशी फारसा बोलत नसे. सकाळी माझ्यावरचं दव पंच्याने पुसायचा आणि "चल बाबा" म्हणायचा. मी लोखंड. पण रोज तोच तळवा लागला की लोखंडालाही तो ओळखू येतो.

सिद्धलिंगप्पाही तेव्हा त्याला घरचा मानत. एकदा बॉनेट उघडलेलं असताना त्यांनी विचारलं, "धुळाप्पा, हिचा जीव कुठं असतो रे?"

धुळाप्पाने दोन चिमटे सरकवून एक काळं टोपण उचललं. "हितं, मालक. हितनं ठिणगी वाटली जाते. लई नाजूक. पान्याचा थेंब चालत न्हाय."

पुढे एक नवी बस सर्व्हिस सुरू झाली. त्यांनी धुळाप्पाला जास्त पगार देऊ केला. त्याने नाही म्हटलं आणि ते स्वतःच मालकांना येऊन सांगितलं. मालकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ते मी पाहिलं आहे.

मग एकतीस सालची खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. मोटार धुतली, हार घातले. पाटावर मला आणि पाने-पकडींना मांडलं, विभूती लावली. धुळाप्पा झेंडूची फुलं आणायला बाजारात गेला होता. तेवढ्यात मालकांनी बॉनेट उघडलं, चिमटे सरकवले आणि टोपण उचललं.

त्यांच्या पत्नी सुंदरम्मा म्हणाल्या, "अहो, धुळाप्पाला येऊ द्या की."

"पूजेला ड्रायव्हर कशाला लागतो? वरवर हार घालून काय उपयोग? बेल वाहायचा तर जिवावरच वाहावा."

त्यांनी तांब्यातल्या पाण्यात बेलाचं पान बुडवलं, आत ठेवलं, वरून चार थेंब शिंपडले आणि टोपण बसवलं. डोळे मिटून हात जोडले. त्या घटकेला त्या माणसाच्या मनात वाईट काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळीच मोटार उतारूंनी भरली. रीत अशी, की पूजेतली हत्यारं संध्याकाळी सोनं लुटून येईपर्यंत उचलायची नाहीत. पण मोटार तर सोडायची होती. मालकांनी तोड काढली. "हँडल चालतं. ते हत्यार नाही, गाडीचंच अंग आहे. पाने-पकडी मात्र उचलू नको. आणि बॉनेटवरचा हार काढायचा नाही."

धुळाप्पाने मला लावलं. एकदा, दोनदा, दहादा फिरवलं. मोटार हूं की चूं करेना.

मागून एकजण ओरडला, "धुळाप्पा, मेंढरागत हाळी दे की हिला!" सगळे हसले. अक्कलकोटला लेकीकडे निघालेली म्हातारी निंगव्वा कानडीत विचारू लागली, "एनप्पा, होगतदो इल्लो?" जाणार की नाही, एवढंच तिला हवं होतं.

धुळाप्पाने गिअरचा दांडा हलवून पाहिला, मोकळा होता. भोंगा वाजवला, वाजला. पेट्रोलचा कॉक उघडाच होता. मला सावकाश एक फेरा देऊन तो थांबला. इंजिनाचा दाब त्याच्या तळव्याला माझ्यातूनच कळायचा. "दम हाय," तो पुटपुटला. मग उतारूंना उतरवून धक्का मारायला लावलं, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. मोटारीने दोन हिसके दिले आणि उभी राहिली. मागे जाऊन त्याने धुराच्या नळीचा वास घेतला; कच्च्या पेट्रोलचा वास येत होता.

"मालक, इंजान फिरतंय, पेट्रोल येतंय. मग ऱ्हायलं काय? ठिणगी न्हाय. टोपण उघडून बघाय पायजे."

"हार काढून पूजा मोडायची नाही."

"बरं, न्हाय मोडत. काल टोपणाला कुनी हात लावला व्हता का, तेवडं सांगा."

ओट्यावर सुंदरम्मा उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तेवढ्यात नवी बस भोंगा वाजवत समोरून गेली. आमचे चार उतारू हात करत तिच्यामागे पळाले.

"कोण हात लावणार?" मालक म्हणाले. "किल्ली तुझ्याकडं, गाडी तुझ्या ताब्यात. त्या बसवाल्याने तुला बोलावलं होतं ना? तूच सांगितलंस. आज दसऱ्याच्या दिवशीच बरी बंद पडली!"

हसणं थांबलं. धुळाप्पाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्या इमानानं सांगितलं म्हनून आता म्याच चोर व्हय, मालक?"

त्याने मला पंच्याने पुसलं, पाटावर होतो तसं परत ठेवलं, किल्ली माझ्या शेजारी ठेवली आणि निघून गेला.

सोनं लुटून झाल्यावर लतीफ मिस्त्री आले. त्यांनी टोपण उचललं आणि कंदील जवळ नेला. "सेठ, इसमें पत्ता कौन डाल्या? पानी बी है."

मालकांनी ते पान घेऊन खिशात घातलं. "पुसून टाका. कुणाला बोलू नका."

"धुळाप्पा को तो बोलना पडेंगा ना?"

मालकांनी पुसायचं फडकं पुढं केलं. आतलं कोरडं करून मिस्त्रींनी मला अर्धा फेरा दिला आणि मोटार सुरू झाली. इतक्या सहज सुरू झाल्याची लाज मला कधी वाटली नव्हती.

पेठेत बोभाटा झाला. त्या नव्या बसवाल्यानेही धुळाप्पाला ठेवलं नाही. एका मालकाला दगा देणारा दुसऱ्याला का सोडेल, असं त्याचं म्हणणं. तो नातेपुत्याला भावाच्या मेंढरांमागे गेला.

दोन वर्षांनी तो बाजाराला घोंगड्या घेऊन आला आणि दारात थांबला. "राम राम मालक. गाडी बरी हाय न्हवं?"

"बरी आहे," मालक म्हणाले.

मी कट्ट्यावर पडलो होतो. त्याने मला सहज उचललं. अंगठा बोटांच्याच बाजूला. बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता, आणि बोलणारं माणूस समोर बसलं होतं. मालक दाणे चाळत राहिले. धुळाप्पाने मला खाली ठेवलं.

पुढे मोटार विकली. घेणाऱ्याने स्वतःचं हँडल आणलं होतं, म्हणून मी मागे राहिलो. दर खंडेनवमीला मालक मला खाली काढतात, विभूती लावतात, वर बेलाचं पान ठेवतात. सुंदरम्मा दरवर्षी म्हणतात, "एकदा नातेपुत्याला जाऊन या की." ते म्हणतात, "दिवाळी होऊ दे." अशा पाच दिवाळ्या झाल्या.

मला ते पान नको. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असेल, तर माळावर मेंढरं राखणारा, उजवं मनगट जरा वाकडं असलेला माणूस शोधा. मोटारीचं नाव काढल्यावर तो मान फिरवील. तरी थांबा आणि त्याला एवढंच सांगा, की बाबा, तू म्हणत होतास तेच होतं. ठिणगी नव्हती. टोपणाखाली बेलाचं पान होतं, आणि ते कोणी ठेवलं हे मालकांना तेव्हाही माहीत होतं.