दहा नंबरच्या दारावरची पाटी

झिल्केने गुडघ्यांखाली जुनी उशी सरकवली, सुरी उचलली आणि फुटपाथच्या दोन फरश्यांमधलं शेवाळ खरवडायला घेतलं. सहावा महिना होता. वाकलं की पोट आधी खाली पोचायचं आणि उरलेली झिल्के मागून. वर, आठ नंबरच्या खिडकीत, फ्लायडररबाई कोपरांखाली उशी घेऊन बसल्या होत्या. म्हणजे उशी दोघींनाही होती. तक्रारीला जागा नव्हती.

"कडेला राहिलं," वरून आवाज आला.

"येतेच आहे तिकडे."

"घाई नाही. मी आपलं सांगितलं. असल्या दिवसांत वाकणं चांगलं. माझी आई शेवटच्या दिवसापर्यंत बटाटे खणत होती. मी शेतातच झाले."

"आणि बटाटे?" झिल्केने हसून विचारलं.

"ते संध्याकाळी काढले," बाई म्हणाल्या. त्या विनोद करत नव्हत्या.

स्टुटगार्टच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर ही गल्ली होती. एकाला एक चिकटलेली रो-हाऊस, प्रत्येकापुढे हातरुमालाएवढी बाग, आणि शांतता अशी की कुणी शिंकलं तर तीन घरं पलीकडून "जपा" म्हणतील. म्हणत मात्र कुणी नसे. गल्लीत झाडण्याची पाळी होती. ज्या घराची पाळी, त्याच्या दारावर आठवडाभर लाकडी पाटी लटकायची. शनिवारी फुटपाथ आणि मागची बोळ लखलखीत करायची, मग पाटी काढून शेजारच्या दाराला अडकवायची. रस्ता स्वच्छ असला तरी झाडायचाच. किंबहुना तेव्हाच झाडायचा. घाण झाल्यावर काय, कुणीही झाडतं.

आठ आणि दहा ही दोन्ही घरं रोझमारी फ्लायडररबाईंची. दहामध्ये त्यांची बहीण हेडविग राहायची. ती वारल्यापासून ते रिकामं होतं. उन्हाळ्याच्या अखेरीस बेकरीच्या काचेवर चिठ्ठी लागली होती: 'घर भाड्याने देणे आहे. नीटनेटक्या माणसांना.' झिल्के ती वाचून पाव न घेताच टेकडी चढून आली होती.

तिला घर हवंच होतं. त्यांच्या सध्याच्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. मालकाला स्वतःच्या माणसासाठी जागा हवी असली की भाडेकरूने उठायचं, असा कायदाच आहे, आणि वर्षअखेर ही मुदत होती. बाळाची तारीख त्यानंतर लगेचच. बाकी घरं पाहायला गेलं की जिन्यावर रांग असायची, आणि रांगेतले लोक आधी झिल्केच्या पोटाकडे बघून मग एकमेकांकडे समाधानाने बघायचे. एक स्पर्धक कमी.

फ्लायडररबाईंनी मात्र तिला एकटीला घर दाखवलं. वरची छोटी खोली उघडून दिली, पाळण्यासाठी भिंत मोजू दिली, टेपचं दुसरं टोकसुद्धा स्वतः धरलं. नको म्हणाल्या नाहीत. हो म्हणाल्या नाहीत. "बघू या" म्हणाल्या. मग दाराशी येऊन त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

"रिकाम्या घरालाही पाळी चुकत नाही बघा. माझ्याने आता होत नाही. तुम्ही इथे राहायला येणारच असाल तर..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं आणि झाडू पुढे केला.

पुढच्या शनिवारी पाटी बारा नंबरवर जायला हवी होती. पण बारावाले बाउश डोंगरात फिरायला गेले होते. त्याच्या पुढच्या शनिवारी बाउशांपलीकडच्या रुओफ आजोबांचं खुब्याचं ऑपरेशन निघालं. त्यानंतर कुणी कारण सांगितलं नाही आणि झिल्केने विचारलं नाही. तिचा जन्म याच मुलखातला. दारावर पाटी लटकते आहे आणि खाली झाडलेलं नाही, हे तिच्या डोळ्यांना सोसायचं नाही.

"अगं, ती पाटी पुढे सरकतच नाही," तिचा नवरा योखेन म्हणाला. तो बस चालवायचा. थांबे आणि वेळा त्याला कळायच्या. "हा काय प्रकार आहे?"

"परीक्षा बघतायत."

"परीक्षेला तारीख असते. निकाल असतो."

"तू येऊन पन्हळ साफ करून दे आधी. मग निकालाचं बघू."

योखेन आला. त्याने पन्हळ साफ केली, बागेचं फाटक तेल घालून गप्प केलं, तळघरातून हेडविगचं जड कपाट वर आणलं आणि बाईंना ते तिथे आवडलं नाही म्हणून परत खाली नेलं. बाईंनी त्याला एक पेला सफरचंदाचा रस दिला आणि पेला लगेच विसळून ठेवला.

"माणूस बरा आहे," त्या झिल्केला म्हणाल्या. "बघू या."

नोव्हेंबरात पानं गळायला लागली. रुओफ आजोबांच्या मेपलने सगळ्या गल्लीशी वैर धरल्यासारखी पानं टाकली. झिल्के एका हाताने कंबर धरून दुसऱ्या हाताने झाडत होती, तेव्हा बारा नंबरच्या गुद्रुन बाउश गरम चहाचा मग घेऊन बाहेर आल्या.

"घ्या. तुमचं झाडणं बघत राहावंसं वाटतं हो," त्या म्हणाल्या. "नाहीतर ती वसंतातली शिक्षिका. कडा सोडायची. तिच्याआधी उल्म गावचे नवरा-बायको होते, त्यांचंही यथातथाच. त्यांची सासू मात्र झकास झाडायची."

झिल्केने चहाचा मग घेतला. "कुठलं घर बघायला आले होते ते?"

"हेच की."

"मग त्यांना का नाही मिळालं?"

"मिळायला रोझमारी देते कुठे?" गुद्रुनबाईंनी पायाने एक पान ढिगाकडे सरकवलं. "हेडविगचे पडदे अजून दर महिन्याला धुऊन लावते ती. ते घर ती कुणाला देते आहे!"

"चिठ्ठी लावली होती."

"एकटी बाई आहे. शनिवारी कुणीतरी यायला हवं ना."

झिल्केने झाडू भिंतीला टेकवला. तो घसरेलसं वाटलं म्हणून पुन्हा हातात घेतला.

"तुम्ही मला इतके शनिवार बघताय," ती म्हणाली.

"बघतोय ना! सगळेच बघतात. पण दुसऱ्याच्या कारभारात तोंड घालणं बरं दिसत नाही. आणि खरं सांगू? गल्ली इतकी स्वच्छ कधीच नव्हती."

वाऱ्याने ढिगातली पानं उधळली. झिल्के ती गोळा करायला लागली. तिचे डोळे भरले होते, पण पानं अचूक गोळा होत होती. गुद्रुनबाई तिच्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या, बाजारात भाजी निवडताना उभं राहावं तशा.

"आमच्या खालच्या दोन खोल्या नाताळ झाला की मोकळ्या होतायत," त्या म्हणाल्या. "तिथला विद्यार्थी चाललाय. अर्ध्या जमिनीखाली आहेत, पण खिडक्या आहेत. येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसतात, करमणूक होते. आम्ही वाटेल त्याला नाही देत हो. पण तुम्हाला पाहिलंय." मग आवाज खाली आणून, "फक्त रोझमारीला यातलं काही बोलून दाखवू नका. वय झालंय तिचं. मनाला लागेल. आणि कुणी नवीन आलं बिलं, तर त्यांनाही आपण कशाला..."

झिल्केने वर पाहिलं. आठ नंबरच्या खिडकीत उशी होती, बाई नव्हत्या. दहाच्या वरच्या खोलीला पांढरे शुभ्र पडदे होते. तिथल्या भिंतीचं माप तिच्या पर्समध्ये घडी करून ठेवलेलं होतं. चहा निवला होता, तरी तिने तो संपवला.

"ओल नाही ना येत?" तिने विचारलं.

"छे! अगदी कोरड्या," म्हणत गुद्रुनबाईंनी रिकामा मग परत घेतला. "आणि आता ते अहो-जाहो पुरे झालं. मला नुसतं गुद्रुन म्हण."

फ्लायडररबाईंनी बातमी खिडकीतूनच ऐकली. "तळघरात? पोराला उजेड लागतो," एवढं म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली. त्याच आठवड्यात बेकरीच्या काचेवर चिठ्ठी परत लागली.

मुलगी झाली. खोल्या खरंच कोरड्या होत्या. करारात एक कलम होतं, बारा नंबरची झाडण्याची पाळी खालच्या भाडेकरूंकडे. झिल्केने ते वाचून, मान डोलवून सही केली होती. पहिल्यांदा पाटी दारावर आली त्या शनिवारी मुलीला ताप होता. झिल्केने इकडेतिकडे पाहिलं, पाटी काढली आणि चार पावलं चालून दहाच्या दाराला अडकवली. पुढच्या वेळी पाटी आली तेव्हा मुलीला ताप नव्हता. तरी पाटी दहालाच गेली.

एप्रिलमध्ये एका शनिवारी ती बाबागाडी घेऊन फाटकाबाहेर पडली, तर दहासमोर एक तरुण मुलगी गुडघ्यांवर बसून फरश्यांचे सांधे खरवडत होती. तिचा मित्र मागच्या बोळीत कचऱ्याचे डबे धूत होता. मुलगी लगबगीने उठली, हात पँटला पुसले.

"तुम्ही बारा नंबरच्या ना? मी मार्लेने. आम्ही हे घर बघतोय. बघतोय म्हणजे, बाईंचं अजून ठरतंय."

"हो का," झिल्के म्हणाली.

"बाई फार गोड आहेत. आम्हाला वरची खोली मोजू दिली." मार्लेनेने पायरीवरच्या डब्याचं झाकण काढलं. आत सफरचंदाचा केक होता, सारखे तुकडे केलेला. "घ्या ना. बाईंसाठी केलाय, पण भरपूर आहे."

झिल्केने तुकडा घेतला. बाबागाडीतल्या मुलीने हालचाल केली, तसा तिने दुसऱ्या हाताने गाडीला हलका झोका दिला. केक चांगला झाला होता. मार्लेने तिच्या तोंडाकडे बघत होती. मग आवाज उतरवून तिने विचारलं,

"एक विचारू? खरं सांगा हं. आम्हाला जुलैत जागा सोडायचीय आणि याच्या नादात आम्ही दुसरीकडे बघायचंही थांबवलंय. त्या देतील ना हो घर? तुम्ही इथल्या आहात, तुम्हाला माहीत असेल."

बोळीतून पाण्याचा आवाज येत होता. पलीकडे रुओफ आजोबा फाटकाशी उभे राहून आकाशाकडे बघत होते, म्हणजे ऐकत होते. वर खिडकीची कडी वाजली.

झिल्केने तोंडातला घास शांतपणे संपवला, बोटांवरचा चुरा झटकायला गेली आणि नुकत्याच साफ केलेल्या फरश्या बघून तो हातातच धरला.

"साखर जरा कमी घालत जा," ती म्हणाली. "बाईंना डायबेटिस आहे."

मार्लेनेचा चेहरा उजळला. "थँक्यू! बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली आणि मातीच्या हातांनीच फोन काढून तिने ते नोंदवून घेतलं.