पहिली जुडी

धानाच्या रोवण्याची पहिली जुडी घरच्या सवाशिणीनंच लावायची, ही गावची रीत. आणि शांतीबाई विधवा. सून अंजूचा मोबाईलवर निरोप आला, अर्जुनीला बस चुकली. तलावाच्या पाण्याची पाळी तर दुपारपर्यंतच.

"माय, तूच लाव ना," भूपेंद्र म्हणाला.

"माह्या हातानं? पीक बुडवाचं हाय का?"

आणलेल्या मजूर बायांनाही तिनं बांधावर बसवून ठेवलं. दुपारी पाणी दुसऱ्याच्या शेतात वळलं. उपटलेल्या पऱ्ह्यांनी, धानाच्या कोवळ्या रोपांनी, उन्हात माना टाकल्या.

भूपेंद्र म्हणाला, "बाबा गेल्यापासून वीस वर्सं गावभर रोवणे करून राहिली तू. कोनाचं बुडालं?"

शांतीबाईनं आठवून पाहिलं. एकाचंही नव्हतं. बुडालं ते आज, तिच्याच घरचं. आणि त्याला तिनं हातसुद्धा लावला नव्हता.